बग सापडला, आता काय? ओपन सोर्समध्ये बग कळवणाऱ्यांचे आणि बग सांभाळणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी गोव्यात फोंड्याजवळ राहतो. दिवसा नोकरी, आणि रात्री जेवणं आटोपली की एक छोटंसं टूल सांभाळतो, जे जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या मशीनना कळणाऱ्या अक्षरांत, बदलतं. डीटीपीवाल्यांकडे वीस वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिलं, देवस्थानांची आमंत्रणं शिवाजी नाहीतर श्रीलिपीच्या फॉन्टात अडकून पडलीयत, त्यांच्यासाठी हे टूल. कोड सगळ्यांना उघडा आहे, पैसे कोणी देत नाही, मागतही नाही. पण प्रश्न भरपूर येतात, कॉलेजच्या पोरांचे, डीटीपीवाल्यांचे, कधी माझ्यासारख्याच दुसऱ्या मेंटेनरचे, म्हणजे टूल सांभाळणाऱ्याचे, आणि तेच तेच येतात, म्हणून एकदाच बसून लिहून टाकतोय. क्रम वगैरे काही लावलेला नाही.

दादा, बग म्हणजे व्हायरस का?

नाही रे. व्हायरस कोणीतरी मुद्दाम सोडतो, बग म्हणजे कोडमधली चूक, ती आपल्याच हातून राहून जाते. १९४७ च्या सप्टेंबरात हार्वर्डच्या मार्क टू मशीनच्या रिलेमध्ये खरोखरचा पतंग अडकलेला सापडला आणि ऑपरेटरांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, ही गोष्ट सगळे सांगतात, पण शब्द त्याहून जुना आहे, एडिसनसुद्धा यंत्रातल्या खोडीला बगच म्हणायचा.

मला आपलं खाजनचं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या भातशेतीचं, उदाहरण पटतं. खाजनच्या बांधात कुर्ली भोक पाडते, बोटाएवढं, वरून दिसतही नाही, पण भरतीचं पाणी त्यातून रोज थोडं थोडं शिरतं, भोक मोठं होत जातं आणि एक दिवस बांधच फुटतो, मग खारं पाणी शेतात शिरून पुढची काही वर्षं तिथे भात धड होत नाही. आता ते भोक पहिल्यांदा कोणाला दिसतं? बांध घालणाऱ्याला क्वचितच, त्यावरून रोज चालत जाणाऱ्यालाच दिसतं. म्हणून वापरणाऱ्याने सांगणं महत्त्वाचं.

सॉफ्टवेअर फुकट घेतलंय. मग तक्रार करायचा मला हक्क आहे का?

कायद्याने बघायला गेलं तर नाही. एमआयटी लायसन्स घ्या, जीपीएल घ्या, दोन्हींत स्पष्ट लिहिलेलं असतं की हे जसं आहे तसं देतोय, हमी कसलीच नाही. त्यामुळे 'मला दोन दिवसांत करून द्या' असं कोणी म्हटलं की हसू येतं.

पण बग कळवणं ही तक्रार नव्हेच मुळी. आपल्याकडे जत्रेला गावातलीच पोरं नाटक बसवतात ना, तिकीट नाही, बिदागी नाही, दिवसभर कोण बँकेत, कोण दुकानात, आणि रात्री मेकअप करून शिवाजी महाराज. माईक बंद पडला तर मागच्या रांगेतून 'माईक!' म्हणून ओरडायचा हक्क अख्ख्या गावाला असतो आणि त्याचं कोणाला वाईटही वाटत नाही, उलट आतला पोरगा धावत येऊन वायर नीट करतो. पण 'जमत नाही तर उतरा खाली' असं कोणी ओरडलं तर दुसऱ्या दिवशी त्याचंच तोंड गावात लहान होतं. दुसरी बाजूही तितकीच खरी, फुकट करतोय म्हणून पाठांतर न करता स्टेजवर आलेला नट गाव खपवून घेत नाही. मला प्रोफेशनल म्हणजे काय असं कोणी विचारलं की मी हेच सांगतो. पगार मिळतो की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही, समोरच्याला कळेल असं उत्तर देणं आणि जे करतो म्हटलं ते करणं, नाही जमलं तर तसं सांगणं, एवढंच. हे दोन्ही बाजूंना लागू.

मी फक्त 'मराठी नीट येत नाही' एवढंच लिहिलं होतं. त्यात काय चुकलं?

हा प्रश्न मला माझ्याच कर्माने छळतो, म्हणून जरा लांबण लावतो.

तीनेक वर्षांमागे एका डीटीपीवाल्याने मला नेमकं हेच वाक्य पाठवलं, 'मराठी नीट येत नाही, लवकर करा'. कुठलं मराठी, कुठला फॉन्ट, कुठे येत नाही, काही नाही. मी त्या दिवशी ऑफिसातून वैतागून आलेलो, घरी लाईट गेलेली, मोबाईलवरूनच 'माझ्याकडे नीट येतं' असं लिहून इश्यू, म्हणजे त्याच्या तक्रारीची नोंद, बंद केला. दोन महिन्यांनी तोच गृहस्थ स्वतः घरी आला, हातात एका जत्रेची छापलेली पत्रिका, पाचशे प्रती. शेवटी आभार होते, महाप्रसाद रांधणाऱ्या आचाऱ्यांचे. छापलं होतं 'आचार्यांचे आभार'. म्हणजे भात-डाळ रांधणारे सगळे एकदम गुरुकुलातले झाले. देवस्थानच्या कमिटीत कोणाला तरी ते दिसलं आणि मग जे व्हायचं ते झालं.

भानगड काय होती ते सांगतो. मराठीत 'आचारी'चं अनेकवचन करताना जो र येतो तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढत नाही, तो पापणीसारखा बाजूला राहतो, दऱ्या, वाऱ्यावर, पुजाऱ्यांना, तसा. जुन्या फॉन्टांत त्या आकाराला स्वतंत्र जागा असायची. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक तर ऱ घेऊन त्याला हलन्त लावायचा, नाहीतर साधा र, हलन्त आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर. कुठल्या आकाराला युनिकोडमध्ये काय ते सांगणाऱ्या माझ्या तक्त्यात त्या एका आकारासमोर मी नुसताच र आणि हलन्त लिहून ठेवला होता. जॉइनर नाही म्हटल्यावर र बिचारा चढला डोक्यावर. एका ओळीची चूक, दुरुस्त करायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

म्हणजे पाच मिनिटांच्या कामाला दोन महिने आणि पाचशे पत्रिका. त्याने 'आचाऱ्यांचे' हा एक शब्द पाठवला असता तर त्याच रात्री झालं असतं हे खरं, पण मी 'कुठला शब्द?' एवढे दोन शब्द विचारले असते तरी झालं असतं, आणि टूल माझं होतं, त्यामुळे विचारायचं काम माझं होतं. त्या दिवसापासून मी 'माझ्याकडे नीट येतं' हे वाक्य लिहायचं सोडलं. आता 'माझ्याकडे अमुक फॉन्ट, अमुक व्हर्जनवर नीट आलं, तुमच्याकडचा एक शब्द पाठवा' असं लिहितो.

बरं, मग नीट रिपोर्टमध्ये काय काय लिहायचं?

तीन गोष्टी. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. यातली मधली लोक हमखास विसरतात, त्यांना वाटतं ती उघडच आहे. मला उघड नसते हो, मी तुमच्या डोक्यात बसलेलो नाही.

त्याशिवाय टूलचं व्हर्जन, विंडोज की लिनक्स, आणि सगळ्यात लहान असा नमुना ज्यात तो बग पुन्हा पुन्हा दिसतो. अख्खी ऐंशी पानांची स्मरणिका पाठवू नका, कापत कापत एका ओळीवर आणा. आणि खरं सांगतो, कापता कापता निम्म्या लोकांना स्वतःलाच कारण सापडतं.

एररचा मजकूर मात्र जसाच्या तसा कॉपी करा, मोबाईलने स्क्रीनचा तिरका फोटो काढू नका, त्यात पंखा आणि ट्यूबलाईटच जास्त दिसतात. फॉन्टचा बग असेल तर अपवाद, तेव्हा मजकूर आणि स्क्रीनशॉट दोन्ही हवं. कारण तोच मजकूर माझ्या मशीनवर वेगळा दिसू शकतो, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसमध्ये अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ नावाचा कोड करतो, दुसऱ्या एखाद्या ॲपात दुसरंच काहीतरी करतं.

इंग्रजी जेमतेम आहे. मराठीत लिहिलं तर चालेल?

माझ्याकडे मराठी, कोकणी, दोन्हींची खिचडी, सगळं चालतं. बाहेरच्या प्रोजेक्टमध्ये मात्र इंग्रजीच लागतं, पण छोटी छोटी वाक्यं करा, व्याकरण कोणी तपासत नाही. मशीनकडून भाषांतर करून घेतलंत तरी हरकत नाही, फक्त 'भाषांतर मशीनचं आहे' असं वर लिहा आणि एररचा मजकूर चुकूनही भाषांतरित करू नका, तो शोधूनच तर कोडमधली जागा सापडते.

आणि एक, मराठीचे बग आपणच नाही कळवले तर कळवणार कोण? ज्याला आचारी आणि आचार्य यातला फरक माहीत नाही तो तो बग कसा पकडणार.

कळवायचं कुठे? फॉन्टवाल्याला, ब्राउझरवाल्याला की लिनक्सवाल्याला?

अपस्ट्रीम आणि डाउनस्ट्रीम म्हणजे काय हे गोंयकाराला म्हादई नदीच्या पाण्यावरच्या भांडणामुळे वेगळं शिकवावं लागत नाही. सॉफ्टवेअर मूळ जिथे लिहिलं जातं ते अपस्ट्रीम, डेबियन किंवा उबुंटूसारखे लिनक्स वाटणारे लोक ते घेऊन पॅकेज करून आपल्याला देतात ते डाउनस्ट्रीम. पॅकेज बसतच नाही, फाइल चुकीच्या जागी गेलीय, असलं काही असेल तर पॅकेजवाल्याला सांगा. वागणंच चुकीचं असेल तर मूळ प्रोजेक्टला. कळत नसेल तर पॅकेजवाल्याकडे टाका, पुढे पाठवायचं ते बघतील.

कधी कधी बग कोणाचाच नसतो. 'श आणि ल हिंदीसारखे दिसतात' ही तक्रार मला महिन्याला एकदा तरी येते. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण मजकूर मराठी आहे हे कोणी सांगितलं तरच मराठी वळण येतं. वेबपेजवर भाषा मराठी अशी नोंदच नसेल तर फॉन्ट तरी काय करेल.

आठवडा झाला, उत्तर नाही. 'काही अपडेट?' टाकू का?

नुसतं 'काही अपडेट?' नको. ते वाचून मेंटेनरच्या पोटात गोळा येतो आणि माहिती शून्य वाढते. त्याऐवजी काहीतरी घेऊन या, 'नव्या व्हर्जनवरही होतंय', 'आधीच्या व्हर्जनवर होत नव्हतं'. हे शेवटचं तर सोन्यासारखं, कारण मग गिट बायसेक्ट लावता येतं, म्हणजे चांगलं व्हर्जन आणि बिघडलेलं व्हर्जन यांच्या बरोबर मधलं तपासायचं, मग उरलेल्या अर्ध्याचं मधलं, असं करत हजार बदलांमधून गुन्हेगार बदल दहाएक फेऱ्यांत हाती लागतो. हे काम कोड न कळणारा माणूससुद्धा करू शकतो, फक्त धीर हवा.

महिनाभर थांबून मग एकदा विनयाने आठवण केलीत तर काही बिघडत नाही. इश्यू खरोखर खाली जातात, विसरले जातात.

गणेश चवथीत उत्तर मिळेल का?

नाही. माटोळी बांधायची असते, आरत्या असतात, भाचरं आलेली असतात. मी आदल्या दिवशी तसं लिहून टाकतो आणि लॅपटॉप बंद करतो. हेही प्रोफेशनलपणातच धरा.

माझा बग 'वोंटफिक्स', म्हणजे दुरुस्त करणार नाही, म्हणून बंद केला. हा अपमान नाही का?

शब्द कडू आहे, मान्य. तो बगझिलाच्या काळापासून चालत आलाय, बगांची नोंद ठेवायचं, मोझिलासाठी १९९८ मध्ये बनलेलं ते टूल, त्यात बंद करायची कारणं ठरलेली असायची, इनव्हॅलिड, डुप्लिकेट, वर्क्सफॉरमी आणि हे वोंटफिक्स. यंत्रातला खाना भरायचा म्हणून ठेवलेले शब्द, पण समोरच्या माणसाला मुस्काटात मारल्यासारखे लागतात.

मात्र 'नाही' मिळालं तर ते उत्तर आहे हो. तीन वर्षं इश्यू उघडा ठेवून 'बघू' म्हणणाऱ्यापेक्षा पहिल्याच दिवशी 'हे आम्ही करणार नाही, कारण असं असं' म्हणणारा मेंटेनर मला जास्त सभ्य वाटतो. तुम्ही दुसरं टूल बघायला मोकळे. नुसता लेबल लावून कारण न देता बंद केलं तर मात्र कारण विचारा, तो तुमचा रास्त हक्क.

माझ्या मते डेबियनची पद्धत बरी, तिथे बगला तीव्रता लावतात, क्रिटिकल, ग्रेव्ह, सीरियस, इम्पॉर्टंट, नॉर्मल, मायनर आणि सगळ्यात खाली विशलिस्ट. 'विशलिस्ट' ऐकून कोणाला राग येत नाही, आणि पहिल्या तीनांतला बग असला की पॅकेज पुढच्या रिलीजमध्ये जायचं अडतं, त्यामुळे उगाच कोणी वरची तीव्रता लावली की ती खाली आणतात. लग्नपत्रिका उद्या छापायला जायचीय म्हणून बग क्रिटिकल होत नाही, तुमच्यासाठी तो असेल, सगळ्यांसाठी नाही.

गंमत म्हणून सांगतो, उबुंटूचा बग नंबर १ काय होता माहितीय? उबुंटू सुरू करणाऱ्या मार्क शटलवर्थने २००४ मध्ये नोंदवलेला, बाजारात मायक्रोसॉफ्टचाच वाटा सगळ्यात मोठा आहे, हा बग. २०१३ मध्ये त्यानेच बंद केला, तोवर लोक फोन आणि टॅबलेटवर गेले होते.

साधं विचारलं तरी काही जण अंगावर का येतात?

दोन-तीन कारणं. तोच प्रश्न त्यांनी सकाळपासून चौथ्यांदा वाचलेला असतो. लिहिताना चेहरा दिसत नाही. आणि एक जुनी समजूत की जो हुशार तो फटकळ असतोच, त्याला सूट.

ही समजूत जिथून सगळ्यात जास्त पसरली तिथेच ती थोडी मोडली. लिनक्स लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सच्या मेल्स शिव्यांसाठी प्रसिद्ध होत्या. २०१८ च्या सप्टेंबरात त्याने जाहीर माफी मागितली, मेलमधली वैयक्तिक चढाई बरोबर नव्हती असं कबूल केलं आणि काही आठवडे सुट्टी घेतली. तेवढ्यात कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ४.१९ व्हर्जनचं काम ग्रेग क्रोआ-हार्टमनने सांभाळलं, त्याच सुमाराला कर्नलला नवीन आचारसंहिता लागली. आणि कर्नल काही कोसळलं नाही. 'वापरणाऱ्याचं चालू असलेलं बंद पडलं तर चूक आमची' हा त्याचा नियम मात्र तसाच कडक राहिला, आणि तो राहायलाच हवा. कडकपणा कोडशी, माणसाशी नाही, एवढं वेगळं करता आलं म्हणजे झालं. मला अजून दर वेळी जमत नाही, वर सांगितलंच.

तुमच्यावर कोणी चढलंच तर उलट चढू नका. तांत्रिक भागाला उत्तर द्या, बाकीचं सोडून द्या. फारच झालं तर प्रोजेक्टच्या आचारसंहितेत कोणाला कळवायचं ते लिहिलेलं असतं.

दुरुस्तीमुळेच दुसरं काही बिघडलं तर?

होतं. माझंच झालं. आचाऱ्यांचा बग सोडवताना मी ऱ आणि हलन्तवाली पद्धत घेतली, झालं, आठवड्यात दुसरा रिपोर्ट, 'शोधल्यावर शब्द सापडत नाही'. कारण त्याच्या कीबोर्डवरून जॉइनरवाला र यायचा, डोळ्याला दोन्ही सारखेच, मशीनला वेगळे. ॲ चंही तेच, युनिकोडमध्ये २००८ साली त्याला स्वतःची जागा मिळाली, पण त्याआधीची माणसं अ वर चंद्र लावून लिहायची आणि अजून लिहितात. आता मी प्रत्येक सुटलेल्या बगसाठी एक टेस्ट लिहितो. टेस्टच्या फाइलीत पहिली ओळ अजून 'आचाऱ्यांचे आभार' हीच आहे.

सिक्युरिटीचा बग सापडलाय. सगळ्यांना सांगू?

थांबा. घराच्या मागच्या दाराची कडी मोडलीय हे आपण कदंबच्या बसमध्ये मोठ्याने बोलत नाही ना, आधी घरवाल्याला सांगतो. प्रोजेक्टमध्ये सिक्युरिटी नावाची फाइल शोधा, तिच्यात खाजगी पत्ता असतो, गिटहबवर गुपचूप कळवायची वेगळी सोयही आहे. मग दोघांनी मिळून जाहीर करायची तारीख ठरवायची. गूगलची प्रोजेक्ट झीरो टीम साधारण ९० दिवस देते, त्यात दुरुस्त झालं नाही तरी जाहीर करते. मुदत असावी या मताचा मीही आहे, नाहीतर काही जण कडी वर्षभर तशीच ठेवतील.

एआयला कोड दाखवला, त्याने पाच बग काढून दिले. तसेच पाठवू?

आधी स्वतः करून बघितलंत का? पाचपैकी एक तरी प्रत्यक्षात घडवून दाखवता आला का? नसेल तर नका पाठवू. कर्ल नावाचं, नेटवरून माहिती आणायचं-पाठवायचं टूल आहे, जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये, गाडीत, टीव्हीत ते असतं. त्याचा मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून जाहीर कळवळत होता की एआयने रचलेले खोटे सिक्युरिटी रिपोर्ट तपासण्यात त्याच्या लोकांचा वेळ जातो, कोडमध्ये नसलेल्या फंक्शनची नावं असलेले रिपोर्ट, वर भाषा अगदी गुळगुळीत. शेवटी २०२६ च्या जानेवारीअखेर त्यांनी बगसाठी पैशांचं बक्षीस देणंच थांबवलं. एआय वापरा, मीही वापरतो, पण रिपोर्टवर सही तुमची असते.

फर्मागुडीच्या कॉलेजात शिकतो, रेझ्युमेसाठी एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोणाच्या प्रोजेक्टला पाठवलेला बदल, तरी हवीय. रीडमी नावाच्या माहितीच्या फाइलीत स्पेलिंग सुधारून पाठवू?

स्पेलिंग खरंच चुकलेलं असेल तर खुशाल पाठव. पण 'ऑसम प्रोजेक्ट' असं एक वाक्य घुसडून पाठवू नकोस. ऑक्टोबरात रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना फुकट टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्टमध्ये २०२० साली हेच झालं, असल्या रिक्वेस्टचा इतका पूर आला की महिना सुरू होऊन चार दिवस होतात न होतात तोच नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टने स्वतः हो म्हटलंय तिथलंच धरायचं. त्यात आपल्या देशातली पोरं बरीच होती, अजून टोमणे ऐकायला मिळतात.

त्यापेक्षा असं कर, एखाद्या प्रोजेक्टचे जुने दहा इश्यू घे आणि नव्या व्हर्जनवर ते अजून होतात का ते बघून खाली लिही. कोडची एक ओळ लागत नाही. मेंटेनर तुझं नाव विसरणार नाही, मी तर नाहीच.

आमच्या कंपनीत तुमचं टूल वापरतात, साहेब म्हणतात आजच्या आज करून द्या.

साहेबांना नमस्कार सांगा. २०२२ च्या जानेवारीत, लॉगफोरजे नावाच्या लायब्ररीतल्या मोठ्या सिक्युरिटी बगचं प्रकरण ताजं असताना, त्याच स्टेनबर्गला एका बड्या कंपनीची मेल आली, तुमच्या प्रॉडक्टमध्ये लॉगफोरजे आहे का, चोवीस तासांत उत्तर द्या. आता कर्ल सीमध्ये लिहिलेलं, लॉगफोरजे जावाचं, आणि कंपनीने त्याला कधी एक पैसा दिलेला नाही. त्याने शांतपणे कळवलं, सपोर्टचा करार करा, आनंदाने उत्तर देईन. ना शिवी, ना टोमणा. मी ती ओळ पाठ करून ठेवलीय.

हे फक्त मानापमानाचं नाही. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा सिक्युरिटीचा बग निघाला तेव्हा नेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या, अर्धं इंटरनेट ज्यावर चालतं त्या ओपनएसएसएलला वर्षाला देणग्या मिळत होत्या साधारण दोन हजार डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक माणूस. लांबी तपासायची एक अट राहून गेलेली, दोन वर्षं कोणाच्या लक्षात आली नाही. कोड उघडा आहे म्हणजे कोणीतरी बघत असेलच असं सगळ्यांनाच वाटत होतं. बांध सगळ्यांचा, म्हणून दुरुस्तीला कोणीच नाही, ही गोष्ट खाजनवाल्यांना नवीन नाही. तेव्हा करार करा, नाहीतर तुमच्या ऑफिसातला एक माणूस आठवड्याला दोन तास द्या. दोन्ही जमत नसेल तर रांगेत उभे राहा, रांग सगळ्यांना सारखीच.

मीच मेंटेनर आहे आणि कंटाळलोय. लोक मागे लागलेत. सोडून दिलं तर?

सोडा, पण सांगून सोडा, आणि घाईघाईत कोणाच्याही हातात किल्ली देऊ नका.

एक्सझेडची हकीकत माहीत नसेल तर नीट ऐका. फाइली दाबून लहान करायची ही लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते, सांभाळणारा एकटा, लासे कॉलिन, फावल्या वेळात. २०२२ मध्ये काही नावं त्याच्या मागे लागली, पॅच, म्हणजे पाठवलेल्या दुरुस्त्या, का घेत नाहीस, प्रोजेक्ट मरतोय, दुसऱ्याला दे. तो बिचारा लिहितो की मानसिक प्रकृती बरी नाही, आणि हा बिनपगारी छंद आहे हेही ध्यानात घ्या. त्याच वेळी जिआ तान नावाचा कोणी एक, अतिशय गोड, कामसू, हळूहळू पॅच देत देत सहमेंटेनर झाला. आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत त्याच्या नावाने मागचं दार, म्हणजे आत शिरायची चोरवाट, बसवलेलं निघालं. मागे लागणारी नावं नंतर कुठे दिसली नाहीत, ती सगळी एकाच डावातली असावीत असं बहुतेकांना वाटतं.

पकडलं कसं? अँड्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा, त्याला एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर, लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. अर्धा सेकंद! आपण 'नेट स्लो असेल' म्हणून सोडून दिलं असतं. तो खणत गेला आणि २९ मार्च २०२४ ला सगळं पुराव्यासकट जाहीर केलं, कुठल्या व्हर्जनवर, कुठल्या परिस्थितीत होतं, काय माहीत आहे, काय माहीत नाही. बग रिपोर्ट कसा असावा याचा नमुना बघायचा तर तोच वाचा.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचतं ते मागे लागणाऱ्यांचं. त्यांची भाषा रोज कुठे ना कुठे दिसते, खऱ्या माणसांच्या तोंडी. 'काही अपडेट?'ची थोरली बहीण. खरी माणसं तशी बोलत नसती तर खोटी लगेच ओळखू आली असती.

म्हणून कंटाळलात तर वर मोठ्या अक्षरात लिहा, 'सध्या फक्त सिक्युरिटीचे बग बघतोय' किंवा 'हा प्रोजेक्ट थांबला आहे'. लोक दोन दिवस कुरकुरतात. ज्याला हवं तो फोर्क करेल, म्हणजे कोडची प्रत घेऊन स्वतः पुढे नेईल, लायसन्सने तेवढी मुभा दिलेलीच आहे.

तुमच्या स्वतःच्या टूलमध्ये आता किती बग उघडे आहेत?

सदतीस. त्यातले अकरा जोडाक्षरावरच्या पहिल्या वेलांटीचे, जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाईप करायचे आणि युनिकोडमध्ये अख्खं जोडाक्षर संपल्यावर यावी लागते, 'स्थिती' लिहिताना ती अजून कधी कधी अर्ध्या स वरच उतरते. दोन माझ्या आवाक्याबाहेरचे आहेत, तसं खाली लिहून ठेवलंय. आणि एक आचाऱ्यांच्या पत्रिकेवाल्यानेच परवा टाकलाय, त्यात शब्द, फॉन्टचं नाव, व्हर्जन, स्क्रीनशॉट, सगळं आहे. तो आज रात्री बघतो.